वजाबाकी कुठे करायची?

मार्च महिना उजाडला की शाळा-महाविद्यालयांतील शिक्षकांच्या खोलीत आणि कचेऱ्यांतील टेबलांभोवती एक निराळेच अध्ययन सुरू होते. एरवी वेतनश्रेणीवर किंवा व्याकरणावर वाद घालणारी मंडळी विम्याच्या हप्त्यांच्या आणि मुलांच्या शुल्काच्या पावत्या, भविष्य निर्वाह निधीचे उतारे घेऊन बसतात. हिशेबनीस एक छापील तक्ता पुढे सरकवतो. त्यात आकडे भरायचे, खाली सही करायची आणि ‘यंदा किती कापले जाणार?’ एवढे विचारून उठायचे, ही आपली वर्षानुवर्षांची रीत आहे. प्राप्तिकरात सवलत मिळते हे सर्वांना ठाऊक असते. ती कोणत्या प्रकारची आहे, कुणाला किती मिळते आणि कुणाला मुळीच मिळत नाही, हे मात्र सहसा कुणी विचारत नाही. करकायदा हा तज्ज्ञांचा विषय, असे म्हणून आपण तो सनदी लेखापालांच्या स्वाधीन केला आहे.

वास्तविक या साऱ्या गुंतागुंतीच्या मुळाशी चौथीच्या मुलालाही कळेल असा एक प्रश्न आहे : वजाबाकी कुठे करायची? उत्पन्नातून की करातून? या एका प्रश्नाच्या उत्तरावर सरकारने सोडलेला रुपया कोणाच्या पदरात पडणार हे ठरते. आणि त्याच्या पाठोपाठ दुसरा प्रश्न येतो : वजाबाकी करताना करदात्याकडे एकटी व्यक्ती म्हणून पाहायचे की चार माणसांचा पोशिंदा म्हणून? या दोन्ही प्रश्नांना स्वतंत्र भारताच्या अंदाजपत्रकांत एकेकदा उत्तर दिले गेले होते, ते देणारे दोन्ही अर्थमंत्री मराठी होते, आणि दोघांचीही उत्तरे पुढे पुसली गेली. आज त्यांची आठवण करण्याचे कारण केवळ अभिमानाचे नाही.

उत्पन्नातून की करातून?

प्रथम शब्दांचा घोळ निस्तरू. उत्पन्नातून जी रक्कम वजा होते ती ‘वजावट’. कर आकारून झाल्यावर त्या करातून जी रक्कम थेट कमी होते ती ‘करसूट’. बोलण्यात आपण दोहोंनाही ‘सवलत’च म्हणतो, परंतु त्यांचे स्वभाव अगदी भिन्न आहेत.

एक उदाहरण घेऊ. जुन्या करपद्धतीत विमा, भविष्य निर्वाह निधी, मुलांचे शिक्षणशुल्क, घराच्या कर्जाची मुद्दल इत्यादींसाठी मिळून दीड लाख रुपयांपर्यंतची वजावट मिळते. तीन करदाते प्रत्येकी पूर्ण दीड लाख रुपये बाजूला ठेवतात असे समजा. ज्याच्या उत्पन्नाचा वरचा थर ३० टक्के दराने करपात्र आहे, त्याचा कर ४५ हजार रुपयांनी कमी होतो. २० टक्क्यांच्या थरातल्याचा ३० हजारांनी. ५ टक्क्यांच्या थरातल्याचा जास्तीत जास्त साडेसात हजारांनी. आणि ज्याचे उत्पन्न मुळात करपात्रच नाही, त्याने पोटाला चिमटा घेऊन तेवढीच बचत केली तरी त्याला एक पैसाही मिळत नाही. बचत सारखी, त्याग मात्र उलट्या क्रमाने; कारण मिळकत थोडी असेल तर दीड लाख बाजूला काढणे किती जड जाते हे सांगायला नको. तरीही सरकारची शाबासकी सर्वांत मोठी कुणाला? ज्याला तिची गरज सर्वांत कमी, त्याला.

यात कुणाचा दुष्ट हेतू नाही. उत्पन्नातून केलेल्या वजाबाकीचा हा गणिती गुणधर्मच आहे. दर जितका चढा, तितकी वजावट मौल्यवान. याउलट तीच सवलत करातून दिली, म्हणजे ‘बचत केलेल्या रकमेच्या २० टक्के इतका कर माफ’ असे म्हटले, तर दीड लाखावर प्रत्येकाला ३० हजारच मिळतील. अर्थात ज्याचा तेवढा कर होतो त्यालाच. ज्याचा कर ३० हजारांहून कमी, त्याचा कर शून्य होईल. रुपयाची किंमत मोठ्या आणि लहान करदात्याला एकच राहील.

एका प्राध्यापकाचे अंदाजपत्रक

हा विचार कागदावर राहिलेला नाही. मार्च १९९० मध्ये विश्वनाथ प्रताप सिंग यांच्या मंत्रिमंडळातील अर्थमंत्री प्रा. मधु दंडवते यांनी आपल्या अंदाजपत्रकात बचतीसाठीची वजावट बाजूला सारली आणि तिच्या जागी करसूट आणली. प्राप्तिकर कायद्यातील ‘८० क’ची जागा ‘८८’ व्या कलमाने घेतली. प्राप्तिकराचा सर्वोच्च दर त्या काळी ५० टक्के होता. म्हणजे वजावटीच्या पद्धतीत वरच्या थरातल्या माणसाने हजार रुपये वाचवले तर त्यातले पाचशे सरकार सोसत असे, आणि खालच्या थरातल्या कारकुनाने तेवढेच वाचवले तर सरकारचा वाटा त्याच्या निम्म्याहूनही कमी. दंडवत्यांनी दोघांनाही एकच माप लावले : शेकडा वीस.

राजापूरचे हे खासदार मुंबईच्या सिद्धार्थ महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवीत. रेल्वेमंत्री असताना दुसऱ्या वर्गाच्या लाकडी बाकांवर त्यांनी गादी घातली, ही गोष्ट आजही कोकणात आणि कोकणाबाहेरही सांगितली जाते. परंतु त्यांच्या अंदाजपत्रकातील ही दुसरी गादी कुणाच्या लक्षात राहिली नाही. तीही दुसऱ्या वर्गाच्याच प्रवाशासाठी होती.

पुढे २००२ च्या अंदाजपत्रकाने या सुटीला उतरंड दिली. दीड लाखापर्यंतच्या उत्पन्नाला २० टक्के, त्यावर पाच लाखांपर्यंत १५ टक्के आणि पाच लाखांच्या पुढे काहीही नाही. गरज जास्त तेथे मदत जास्त, हे तत्त्व यात स्पष्टच होते. पण २००५ साली ही व्यवस्था मोडीत निघाली. अर्थमंत्री पी. चिदंबरम यांनी करसूट रद्द करून पुन्हा एक लाख रुपयांपर्यंतची वजावट आणली. ज्येष्ठ नागरिकांना आणि स्त्रियांना करातून मिळणारी स्वतंत्र सूटही गेली, आणि पगारदारांची सरसकट प्रमाणित वजावटही गेली. न्यायाने सांगायचे तर त्याच वर्षी करमुक्त उत्पन्नाची मर्यादा ५० हजारांवरून एक लाखावर नेण्यात आली, स्त्रियांना व ज्येष्ठांना तीहून थोडी अधिक मर्यादा मिळाली, आणि कायदा काहीसा सुटसुटीत झाला. नोकरदारांनी त्याचे स्वागतच केले. परंतु त्या गडबडीत वजाबाकीची जागा बदलली आणि रुपयाचा ओघ पुन्हा वरच्या थराकडे वळला, याची चर्चा फारशी झाली नाही. २०१४ साली ही वजावट दीड लाख झाली. स्त्रियांची वेगळी मर्यादा २०१२-१३ पासून संपली होती.

करसुटीचे तत्त्व मात्र पूर्णपणे मेले नाही. २०१३ साली ‘८७ अ’ या कलमाने ते मागच्या दाराने परत आले. पाच लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्याला करातून दोन हजार रुपये माफ, अशी त्याची चिमुकली सुरुवात होती. आज तेच कलम सर्वांत बलवान सवलत होऊन बसले आहे. २०२५-२६ या आर्थिक वर्षासाठी नव्या करपद्धतीत बारा लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर जो ६० हजार रुपये कर होतो, तो याच तरतुदीने संपूर्ण माफ होतो. पगारदाराला ७५ हजारांची प्रमाणित वजावट मिळत असल्याने पावणेतेरा लाखांपर्यंतचा पगार करमुक्त ठरतो.

विवाहित आणि अविवाहित

आता दुसरा प्रश्न, कुटुंबाचा. १९५५ च्या अंदाजपत्रकात अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख यांनी एक लहानसा पण अर्थपूर्ण भेद केला. तोवर उत्पन्नाचा पहिला १,५०० रुपयांचा थर सर्वांनाच करमुक्त होता. देशमुखांनी तो विवाहितांसाठी २,००० केला आणि अविवाहितांसाठी १,००० वर आणला. सारख्याच पगाराची दोन माणसे सारखीच सधन नसतात, ज्याच्या पगारात दोघांचे भागायचे आहे त्याची कर देण्याची शक्ती कमी असते, हे त्या भेदामागील साधे शहाणपण होते. दोन वर्षांनी मुलांच्या संख्येचाही मर्यादित विचार करमर्यादेत आला. मुंबईच्या प्रश्नावर १९५६ साली मंत्रिपद सोडणारे देशमुख महाराष्ट्राने डोक्यावर घेतले. त्यांच्या या कुटुंबवत्सल करथराची आठवण मात्र आज कोणाला नाही.

कालांतराने हा भेद नाहीसा झाला. कुटुंबाची दखल राहिली ती वजावटींच्या पोटात, तुकड्यातुकड्यांनी. दोन मुलांचे शिक्षणशुल्क, पत्नी-मुलांच्या व आईवडिलांच्या आरोग्यविम्याचा हप्ता, अपंग अवलंबिताचा सांभाळ, काही दुर्धर आजारांवरील उपचार, मुलांच्या उच्च शिक्षणासाठी काढलेल्या कर्जाचे व्याज, असे ते तुकडे. त्यांपैकी काहींचे मोल काळाच्या ओघात इतके झिजले की ते वाचून हसावे की रडावे कळू नये. जुन्या पद्धतीत मुलांच्या शिक्षणभत्त्यातील करमुक्त रक्कम २०२५-२६ या वर्षीही दर मुलामागे दरमहा १०० रुपये होती. आज शंभर रुपयांत मुलाच्या महिन्याच्या वह्या येतील की नाही, हे पालकांनीच सांगावे.

उदार, पण अनोळखी

२०२० साली नवी करपद्धती पर्याय म्हणून आली, आणि २०२३-२४ पासून तीच मूळ पद्धत ठरली. जुनी हवी असेल तर ती मागून घ्यावी लागते. नव्या पद्धतीत दर कमी आहेत, थर सोपे आहेत, आणि पावत्यांची पिशवी लागत नाही. बारा लाखांच्या मर्यादेमुळे बहुसंख्य शिक्षक आणि लिपिक प्राप्तिकरातून सुटले आहेत. हे औदार्य मान्य केलेच पाहिजे. तथापि ही पद्धत उदार असली तरी अनोळखी आहे. ती करदात्याला त्याचा पगार विचारते. त्याच्या घरात कोण आहे हे विचारत नाही.

याचा परिणाम काय होतो, हे आकड्यांतच पाहू. एका गृहस्थांचा वार्षिक पगार १६ लाख ७५ हजार रुपये आहे असे समजा. घरात पत्नी, दोन मुले आणि साठी उलटलेले आईवडील. मिळवते हे एकटेच. २०२५-२६ साठी नव्या पद्धतीत प्रमाणित वजावट जाऊन १६ लाख उरतात, त्यांवर १ लाख २० हजार कर आणि ४ टक्के उपकर, मिळून १ लाख २४ हजार ८०० रुपये होतात. शेजारच्या घरात तेवढ्याच पगाराचा, कोणतीही जबाबदारी नसलेला अविवाहित तरुण राहतो. त्याचाही कर १ लाख २४ हजार ८०० रुपयेच. तिसऱ्या घरात पती आणि पत्नी दोघेही नोकरी करतात, प्रत्येकाचा पगार ८ लाख ३७ हजार ५००, म्हणजे घरातील एकूण मिळकत तितकीच. त्यांचा कर शून्य. एकाच गल्लीतील, एकाच मिळकतीची ही तीन घरे. आणि सर्वांत जास्त माणसे ज्या घरात, त्याला सवलत कसलीही नाही.

‘मग त्या गृहस्थांनी जुनी पद्धत घ्यावी, तिथे कुटुंबासाठी वजावटी आहेत,’ असे कोणी म्हणेल. घेऊन पाहू. प्रमाणित वजावट ५० हजार, बचतीची दीड लाख, आरोग्यविम्याची स्वतःच्या कुटुंबासाठी २५ हजार व ज्येष्ठ आईवडिलांसाठी ५० हजार, आणि घरकर्जाच्या व्याजाची पूर्ण दोन लाख. या साऱ्या वजावटी काठोकाठ भरल्या तर करपात्र उत्पन्न १२ लाख राहते आणि जुन्या दरांनी कर व उपकर मिळून १ लाख ७९ हजार ४०० रुपये होतो. म्हणजे कुटुंबासाठी सव्वाचार लाख रुपये खर्ची घालून, त्यांच्या पावत्या जपून, कर जवळजवळ ५५ हजारांनी अधिकच! जुनी पद्धत कायद्याने रद्द केलेली नाही. परंतु अशा कुटुंबापुरते तिचे दार उघडे ठेवून आतला जिना काढून घेतला आहे.

देताना कुटुंब, घेताना व्यक्ती

आपल्या करकायद्याला कुटुंब ठाऊकच नाही असे मात्र नाही. ‘हिंदू अविभक्त कुटुंब’ हा त्याच्या लेखी एक स्वतंत्र करदाता आहे, त्याला स्वतःची करमुक्त मर्यादा आहे. पण त्या कुटुंबाच्या नावावर वडिलोपार्जित मिळकत हवी. नोकरीचा पगार त्यात ओतता येत नाही. गोव्यात तर पोर्तुगीज काळापासून चालत आलेल्या नागरी कायद्याने पती-पत्नींची मिळकत सामाईक असते, आणि प्राप्तिकराचा कायदाही ती मान्य करून घरभाडे, व्याज, व्यवसाय यांचे उत्पन्न दोघांत निम्मे-निम्मे वाटून कर आकारतो. अपवाद फक्त पगाराचा. तो ज्याचा त्याच्याच नावावर! थोडक्यात, कायद्याला मिळकतीचे कुटुंब ओळखता येते. पगारावर जगणारे कुटुंब तेवढे ओळखता येत नाही.

याहून मोठी विसंगती सरकारच्या दुसऱ्या हातात आहे. महाराष्ट्रात २०२४ साली सुरू झालेल्या ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजनेची पात्रता ठरवताना कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत आहे का, आणि कुटुंबातील कोणी प्राप्तिकर भरतो का, हे पाहण्याची अट घातली गेली. केंद्राच्या ‘किसान सन्मान निधी’तही पती, पत्नी आणि अज्ञान मुले मिळून एक कुटुंब धरले जाते, आणि त्यात प्राप्तिकर भरणारा निघाला तर मदत नाकारली जाते. म्हणजे देण्याची वेळ आली की सरकार घरातील माणसे मोजते, आणि घेण्याची वेळ आली की फक्त पगारपत्रकावरचे एक नाव वाचते. या दोन मापांपैकी कोणते खरे, हे एकदा ठरवायला हवे.

परदेशचा दाखला

करातून थेट वजाबाकी करण्याचा हा मार्ग इतर देशांनी पुष्कळ पुढे नेला आहे. अमेरिकेत १९७५ साली अल्प वेतनावर काम करणाऱ्या कुटुंबांसाठी एक करसूट सुरू झाली. तिचे वैशिष्ट्य असे की, सुटीची रक्कम देय कराहून जास्त भरली तर उरलेले पैसे सरकार त्या कुटुंबाला रोख देते. कर शून्याच्या खाली जातो आणि करदाता घेणेकरी बनतो. १९९७ साली मुलांमागे स्वतंत्र करसूट आली. ती आरंभी दर मुलामागे ५०० डॉलरपर्यंत होती, आणि २०२५ साठी २,२०० डॉलरपर्यंत पोहोचली. दोन्ही सुटींचा भर एकाच गोष्टीवर आहे : घरात मुले किती, आणि मिळकत किती.

२०२१ साली, महासाथीच्या काळात, अमेरिकेने या सुटीचा एक मोठा प्रयोग केला. सहा वर्षांखालील मुलामागे ३,६०० आणि मोठ्या मुलामागे ३,००० डॉलर अशी वाढीव रक्कम, आणि ज्यांचे करपात्र उत्पन्न मुळीच नाही अशा कुटुंबांनाही ती पूर्ण. जुलैपासून डिसेंबरपर्यंत त्यातला निम्मा वाटा दरमहा बँकेत जमा होत राहिला. सरकारी मदत हिशेबात धरून तेथील जनगणना खाते दारिद्र्याचे जे माप काढते, त्यानुसार गरीब मुलांचे प्रमाण २०२० मधील ९.७ टक्क्यांवरून २०२१ मध्ये ५.२ टक्क्यांवर आले. वाढीव सूट वर्षअखेर संपली, आणि २०२२ मध्ये ते १२.४ टक्क्यांवर गेले. साथीच्या काळात दिलेल्या इतर मदतीचाही यात वाटा होता, हे खरे. पण एका वजाबाकीची जागा बदलल्याने लक्षावधी मुलांच्या ताटात काय पडू शकते, हे त्या दोन वर्षांनी दाखवले. त्याच देशाचा दुसरा धडाही विसरू नये. तेथील नियम इतके गुंतागुंतीचे आहेत की, पात्र असलेल्या कुटुंबांपैकी सुमारे पंचमांश कुटुंबे १९७५ ची ती सूट मागतच नाहीत. जी सवलत समजत नाही, ती नसल्यासारखीच.

वाचकांसाठी थोडा हिशेब

हे धोरणाचे झाले. परंतु धोरण बदलेपर्यंत आपल्या हक्काचे तरी सोडू नये, म्हणून काही गोष्टी नोकरदार वाचकांनी ध्यानात ठेवाव्यात.

व्यवसायाचे उत्पन्न नसलेल्या पगारदाराला दोन्ही पद्धतींतली निवड दरवर्षी नव्याने करता येते. कचेरीत वर्षारंभी एक पद्धत सांगितली असली, तरी विवरणपत्र मुदतीत भरताना ती बदलता येते. मुदत उलटल्यावर जुन्या पद्धतीचा पर्याय मिळत नाही. तेव्हा सहकाऱ्याने काय निवडले हे न पाहता दोन्ही हिशेब स्वतः मांडून पाहावेत.

बारा लाखांची मर्यादा किंचित ओलांडली म्हणून हादरून जाण्याचे कारण नाही. २०२५-२६ साठी नव्या पद्धतीत करपात्र उत्पन्न १२ लाख १० हजार झाले, तर कर ६१,५०० होत नाही; मर्यादेवरील वाढीइतकाच, म्हणजे १० हजार (आणि त्यावर उपकर) द्यावा लागतो. जुन्या पद्धतीत मात्र पाच लाखांची रेषा ओलांडताच तिची साडेबारा हजारांची सूट एकदम नाहीशी होते. आणखी एक सावधगिरी : समभागांच्या विक्रीतील नफ्यासारख्या ज्या उत्पन्नावर विशेष दराने कर लागतो, त्यावरील करातून नव्या पद्धतीतील ही सूट मिळत नाही.

शिक्षक आणि सरकारी कर्मचाऱ्यांना तर एक विसरलेली सवलत विशेष उपयोगी आहे. वेतन आयोगाची किंवा रखडलेल्या वेतनश्रेणीची थकबाकी एकाच वर्षी हाती पडते, आणि त्या वर्षाचे उत्पन्न फुगून माणूस वरच्या थरात जाऊन बसतो. पैसे जुन्या वर्षांचे, कर मात्र चालू वर्षाच्या चढ्या दराने! हा अन्याय टाळण्यासाठी १९६१ च्या कायद्यात ८९ व्या कलमाची तरतूद होती. ती थकबाकी त्या त्या वर्षात आली असती तर किती कर पडला असता हे काढून, जादा पडलेला कर थेट करातून वजा होतो. ही सवलत नव्या पद्धतीतही मिळते. २०२५-२६ पर्यंतच्या उत्पन्नासाठी विवरणपत्राआधी ‘१० ई’ हा नमुना भरणे मात्र आवश्यक. तो न भरल्यामुळे हक्काची रक्कम अडकू शकते.

१ एप्रिल २०२६ पासून १९६१ च्या कायद्याची जागा २०२५ चा नवा प्राप्तिकर कायदा घेतो. कलमांचे ओळखीचे क्रमांक बदलले असले, तरी वजावट आणि करसूट यांतील भेद बदललेला नाही. तो ध्यानात असेल तर क्रमांक शोधणे फार कठीण जाणार नाही.

एक रकाना

कुटुंबाचा विचार करात आणावा, याला काही गंभीर आक्षेप आहेत आणि त्यांना बगल देणे योग्य नाही. पहिला असा की, पती-पत्नींचे उत्पन्न एकत्र करून कर लावला तर पत्नीच्या पगारावर वरच्या थराचा दर बसतो आणि तिने नोकरी न करणेच फायद्याचे ठरते. स्त्रीला स्वतंत्र करदाती मानणे ही आपल्या कायद्याची मोलाची बाजू आहे. ती गमावता कामा नये. म्हणूनच मागणी एकत्र करआकारणीची नसावी. प्रत्येकाचा कर स्वतंत्रच राहावा, आणि दोन मुलांपर्यंत व अवलंबित वृद्धांमागे ठरावीक, सर्वांना सारखी अशी रक्कम करातून वजा व्हावी. वजावट नव्हे, करसूट. म्हणजे वरच्या थरातील गृहस्थाला आणि तेरा लाखांच्या मुख्याध्यापकाला एका मुलामागे मिळणारी रक्कम एकच राहील.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. या देशातील बहुसंख्य कुटुंबे प्राप्तिकर भरतच नाहीत. मग करातील सुटीचा त्यांना काय उपयोग? काहीच नाही, आणि हे स्पष्टपणे म्हटले पाहिजे. परंतु ती कुटुंबे कर भरत नाहीत हे म्हणणे मात्र खरे नाही. १ जुलै २०१७ पासून लागू झालेला वस्तू व सेवा कर मुलाच्या चपलेवर आणि कपड्यावरही असतो, आणि घरात मुले जितकी, तितक्या वेळा तो भरावा लागतो. तेव्हा कर न लागणाऱ्या घरालाही ती रक्कम रोख मिळावी, हा तर्काचा पुढचा टप्पा आहे. त्यासाठी पैसा किती लागेल, इतर कोणत्या योजना त्यात विलीन कराव्या लागतील, हे प्रश्न खरे आहेत. पण ते खर्चाचे प्रश्न आहेत. तत्त्वाचा निवाडा आधी व्हायला हवा.

सुरुवात अगदी लहान असू शकते. नव्या पद्धतीच्या हिशेबात एक रकाना वाढवावा : ‘आपल्यावर अवलंबून असलेल्या व्यक्ती’. १९५५ साली देशमुखांनी हा प्रश्न विचारला होता, तेव्हा हिशेब हाताने होत आणि घरातील माणसांची खातरजमा करणे कठीण होते. आज सरकारजवळ प्रत्येकाचा आधार क्रमांक आहे. आणि त्या रकान्यातून येणारी रक्कम दंडवत्यांनी दाखवलेल्या जागी, म्हणजे करातून, वजा करावी. पुढच्या मार्चमध्ये हिशेबनिसाने तक्ता पुढे सरकवला की ‘यंदा किती कापले जाणार?’ याबरोबरच ‘हे कुठून वजा केले?’ असेही शिक्षकांनी आणि लिपिकांनी विचारायला सुरुवात करावी. शिक्षकांच्या खोल्यांतून आणि कचेऱ्यांतून हा प्रश्न पुरेशा वेळा विचारला गेला, तर तो अंदाजपत्रक लिहिणाऱ्यांच्याही कानी जाईल.